न आठवणारी स्वप्ने : मिलिंदप्रश्नापासून अहमदनगरच्या किल्ल्यापर्यंत

ध्यानशिबिरे आटोपल्यावर उपासक-उपासिकांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. कोणी म्हणतो, 'मला स्वप्ने पडतच नाहीत. ही साधनेतील प्रगती समजावी काय?' दुसऱ्या कोणाला नेमकी उलट चिंता असते. शेजाऱ्याच्या स्वप्नात भगवंतांची मूर्ती आली, बाबासाहेब आले, आपल्या स्वप्नात मात्र कोणीच येत नाही, तेव्हा आपली श्रद्धा उणी तर नाही? हे दोन्ही प्रश्न वरवर भाबडे वाटतात. पण त्यांच्या मुळाशी एक जुना आणि महत्त्वाचा विषय आहे. स्वप्न न पडणे आणि पडलेले स्वप्न न आठवणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? पालि वाङ्मयाने या भेदाकडे जाणारी वाट बरीच आधी दाखविली आहे. तिचा पुढचा टप्पा अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यातील एका बंदिवानाच्या टेबलावर सापडतो, हा इतिहासाचा योगायोग येथे नोंदवावयाचा आहे.

प्रथम पालि ग्रंथांची साक्ष पाहू. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद भदंत नागसेनांना विचारतो की, स्वप्न म्हणजे काय आणि ते कोणाला पडते? नागसेनांचे उत्तर असे की, झोपलेल्या माणसाच्या चित्ताच्या वाटेवर एखादे निमित्त येऊन ठाकते, त्याला स्वप्न म्हणावे. ते पाहणारे सहा प्रकारचे : वात बिघडलेला, पित्त बिघडलेला, कफ बिघडलेला, देवतेच्या प्रभावाने पाहणारा, सवयीने पाहणारा आणि भावी घटनेची पूर्वखूण म्हणून पाहणारा. यांतील शेवटचा प्रकार तेवढा खरा, बाकीचे पाच पोकळ, असा निर्वाळाही ते देतात. मात्र पूर्वखुणेच्या बाबतीतही, त्या निमित्ताचे फळ काय हे स्वप्न पाहणाऱ्या चित्ताला कळत नाही, असे नागसेन सांगतात. अंगावर उठलेल्या तिळाला किंवा फोडाला आपण कशाचे लक्षण आहोत हे कोठे ठाऊक असते, असा त्यांचा दृष्टांत आहे.

याहून मोलाचा आहे तो राजाचा पुढचा प्रश्न. स्वप्न पाहणारा माणूस झोपलेला असतो की जागा? नागसेन म्हणतात, दोन्ही नाही. झोपेचा आरंभ म्हणजे अंगावर येणारे जडत्व व ग्लानी. शेवट म्हणजे चित्ताचे भवंगात उतरणे. आणि या दोहोंच्या मधली जी हलकी, चाळवलेली अवस्था, तिला ते कपिमिद्ध म्हणजे 'माकडाची झोप' असे नाव देतात. आपल्याकडे अशा झोपेला कुत्र्याची झोप म्हणतात; प्राणी वेगळा, निरीक्षण तेच. स्वप्न पडते ते या मधल्या झोपेत. भवंगात गेलेले चित्त हालचाल करीत नाही, आणि जे चित्त हालत नाही त्याला सुखदुःख कळत नाही. मग स्वप्न तरी कसे कळावे? आरसा कितीही स्वच्छ असला तरी दाट अंधारात त्यात प्रतिबिंब उमटत नाही, हा नागसेनांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. शरीर आरशासारखे, मिद्ध अंधारासारखे आणि चित्त प्रकाशासारखे. मराठी अभ्यासकांना हा सर्व संवाद रा. द. वाडेकर यांनी मुंबई विद्यापीठासाठी संपादित केलेल्या १९४० च्या देवनागरी आवृत्तीमुळे सहज वाचता येऊ लागला. त्या आवृत्तीचे ऋण आपण पुरेसे मानीत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'आधुनिक विज्ञानाने जे आज शोधले ते नागसेनांनी दोन हजार वर्षांपूर्वीच सांगितले होते' असे लिहिण्याचा मोह आपल्या नियतकालिकांतून बराच बोकाळला आहे. शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेली डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप म्हणजेच कपिमिद्ध, असे समीकरण मांडता येणार नाही. त्या झोपेत मेंदू जागेपणासारखा क्रियाशील असला तरी शरीराचे स्नायू जवळजवळ निश्चेष्ट असतात, आणि ती एका रात्रीत सुमारे नव्वद मिनिटांच्या अंतराने पुनःपुन्हा येते. नागसेनांची झोप एकच चढउतार असलेली आहे. साम्य आहे ते भूमिकेत. स्वप्न हा झोपेचा एकसंध गुण नाही, तो झोपेतील विशिष्ट अवस्थेचा गुण आहे, एवढे दोन्हीकडे मान्य आहे. आणि ते पुरेसे मोठे आहे.

अट्ठकथेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अंगुत्तरनिकायावरील मनोरथपूरणीत बुद्धघोषाचार्य स्वप्नाची चार कारणे देतात : धातुक्षोभ, पूर्वी अनुभवलेली गोष्ट, देवतेने आणून दिलेले निमित्त आणि पूर्वसूचना. त्यापुढे ते म्हणतात की, पृथग्जन आणि शैक्ष म्हणजे ज्यांचे शिकणे अद्याप संपलेले नाही ते, स्वप्न पाहतात, कारण त्यांचे विपर्यास नष्ट झालेले नसतात; अशैक्ष म्हणजे अर्हत् स्वप्न पाहत नाहीत. आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाचा उगम या वाक्यात आहे. 'अर्हताला स्वप्न पडत नाही, मलाही पडत नाही, म्हणून...' या तर्कातील दोष न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यातला आहे. अग्नी नसलेल्या डोहावर धूर नसतो, म्हणून जेथे जेथे धूर दिसत नाही तेथे तेथे डोहच आहे असे ठरत नाही. शिवाय अट्ठकथाकार 'पाहत नाही' असे म्हणतात, 'आठवत नाही' असे म्हणत नाहीत. विपर्यासाचा नाश आणि सकाळची विस्मृती यांचा अट्ठकथेत कोठेही संबंध जोडलेला नाही.

याच निकायातील इतर सुत्तांकडे पाहिले तर भगवंतांची दृष्टी अधिक स्पष्ट होते. मैत्रीभावनेचे जे अकरा लाभ सांगितले आहेत त्यांत सुखाने झोपणे, सुखाने जागे होणे आणि वाईट स्वप्न न पाहणे यांचा समावेश आहे. स्वप्नच न पडणे हा लाभ म्हणून कोठेही सांगितलेला नाही. विस्मृत चित्ताने, असावधपणे झोपणाऱ्याला होणाऱ्या पाच हानींमध्ये पापस्वप्नाचा उल्लेख आहे, स्वप्नांच्या संख्येचा नाही. विनयात पहिल्या संघादिसेस नियमातून स्वप्नावस्था स्पष्टपणे वगळली आहे. म्हणजे स्वप्नात घडले ते भिक्खूच्या माथी आपत्ती म्हणून मारले जात नाही. उत्तरापथक निकायाने याहून पुढे जाऊन स्वप्नातील सर्व चित्त अव्याकृतच असते असा पक्ष मांडला होता. कथावत्थूने तो नाकारला. स्वप्नात चित्त कुशल वा अकुशल असू शकते, मात्र ते इतके दुर्बळ असते की व्यवहारात त्याचा हिशेब धरला जात नाही, असा थेरवादाचा तोल आहे. झोपलेल्याला आरोपी करावयाचे नाही, पण झोपेला पवित्रही मानावयाचे नाही.

स्वप्नाचे पवित्रीकरण काय करू शकते हे महासुपिन जातकात दिसते. कोसलराज पसेनदीला एका रात्री सोळा स्वप्ने पडली. तो भयभीत झाला. ब्राह्मणांनी राज्यनाश किंवा प्राणहानी यांचे भय घातले आणि उपाय म्हणून प्राण्यांना चार-चारच्या हिशेबाने बळी देणारा यज्ञ सांगितला. खुंटे रोवले गेले, पशू आणून बांधले गेले. माळ्याची कन्या असलेल्या मल्लिका राणीने राजाला भगवंतांकडे जाण्याचा सल्ला दिला. भगवंतांनी सोळाही स्वप्ने ऐकून, यांतले काहीही तुझ्या आयुष्यात तुला बाधणार नाही असे सांगितले, आणि यज्ञ मोडला. बांधलेले पशू सुटले. ब्रह्मजालसुत्तात स्वप्नफल सांगणे हा श्रमणाला न शोभणारा धंदा म्हणून गणला आहे, त्याचे कारण या कथेवरून ध्यानात येते. ज्यांच्या घरी आजीच्या काळापर्यंत 'देवीने स्वप्नात येऊन बोकड मागितला' असे सांगून कर्ज काढले जात असे, त्यांना याहून अधिक भाष्य नको.

तरीही स्वप्नाला बौद्ध वाङ्मयातून हद्दपार केलेले नाही. संबोधीपूर्वी बोधिसत्त्वाने पाहिलेली पाच महास्वप्ने अंगुत्तरनिकायात आहेत. त्यांतल्या एकात चार दिशांनी चार रंगांचे पक्षी येतात आणि पायाशी पडून पांढरेशुभ्र होतात. चारही वर्णांचे लोक तथागतांच्या धम्मात येऊन एकाच विमुक्तीचे धनी होतात, असा त्याचा अर्थ सुत्तातच दिला आहे. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात परंपरेतील चार दर्शनांची गृहत्यागकथा तर्काच्या कसोटीवर नाकारली. पण महामायेचे स्वप्न मात्र ठेवले. याचे कोणाला नवल वाटू शकेल. वस्तुतः नवल नाही. तरुणपणापर्यंत राजपुत्राने म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता हे अशक्य आहे. आईला स्वप्न पडले हे अशक्य नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अहमदनगर जिल्हा ही मराठी संतपरंपरेतील स्वप्नानुग्रहाची भूमी आहे, हे फारसे कोणी एकत्र मांडलेले नाही. पारनेर तालुक्यातील पिंपळनेरचे निळोबा हे तुकारामांचे शिष्य मानले जातात. पण परंपरेनुसार हा अनुग्रह तुकारामांच्या पश्चात झालेला आहे. राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महिपती (१७१५–१७९०) यांनी १७६२ मध्ये 'भक्तविजय' पूर्ण केला. संतचरित्रे लिहिण्याची आज्ञा त्यांना तुकारामांकडून स्वप्नात मिळाली, अशी त्यांची ख्याती आहे. जिल्ह्याबाहेरचे तिसरे नाव बहिणाबाईंचे. ब्राह्मण घरातील या स्त्रीने कोल्हापुरात असताना शूद्र गुरूचा, तुकारामांचा, उपदेश स्वप्नात घेतला आणि त्यासाठी पतीचा रोष सोसला. जातिभेदाचे खंडन करणाऱ्या, अश्वघोषाच्या नावावर असलेल्या 'वज्रसूची'चे मराठी रूपांतरही तिच्या नावे आहे. बौद्ध अभ्यासकांनी तिच्याकडे लक्ष द्यावे असे हे एक स्वतंत्र कारण. जागेपणी जे दार जातीने बंद केले होते ते स्वप्नात उघडले, असे या उदाहरणांकडे पाहता येते, आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु जेथे स्वप्न हे अधिकारपत्र होते, तेथे ज्याला स्वप्न आठवत नाही तो आपोआप अधिकाराबाहेर पडतो. बुद्धधम्मात असे अधिकारपत्र नाही. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला जे प्रश्न विचारले जातात त्यांत रोग, कर्ज, राजसेवा, आईवडिलांची अनुमती आहे, स्वप्न नाही.

या स्वप्नानुग्रहांत आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका तपशील खुद्द तुकारामांच्या अनुभवात आहे. गुरू बाबाजी त्यांना स्वप्नात भेटले, मस्तकावर हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले, आणि ते देण्याचा विसर तुकारामांना स्वप्नातच पडला, असे ते स्वतः सांगतात. गुरुपरंपरेची नावे, मंत्र, तिथी आणि वार त्यांना नीट आठवतात. तूप मात्र राहून गेले. विसराचीच आठवण ठेवणारा असा प्रामाणिक साक्षीदार स्वप्नांच्या इतिहासात दुर्मिळ आहे.

मग आठवण होते तरी कशी? येथे किल्ल्याचा संबंध येतो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेल्या काँग्रेसच्या नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. नेहरूंनी तेथे १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, मौलाना आझादांनी 'गुबारे खातिर'मधील पत्रे लिहिली; हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच बंदिवासात आचार्य नरेंद्र देव (१८८९–१९५६) वसुबंधूच्या अभिधर्मकोशाचा हिंदी अनुवाद करीत होते, हे किल्ला पाहावयास जाणाऱ्यांपैकी थोड्यांना माहीत असते. नेहरूंची खोली दाखविली जाते. कोशाची आठवण कोणी करून देत नाही. नरेंद्र देवांना दम्याचा जुना विकार होता. त्यांच्यासमोर होता तो लुई द ला व्हाले पूसँ यांचा १९२३ ते १९३१ या काळात निघालेला फ्रेंच अनुवाद, जो मुख्यतः चिनी व तिबेटी भाषांतरांवर उभा होता. मूळ संस्कृत पोथ्या राहुल सांकृत्यायनांना तिबेटात मिळाल्या होत्या, पण त्या अद्याप छापल्या गेल्या नव्हत्या. कारिकांचा पाठ पुण्याचे प्रा. वा. वि. गोखले यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला, भाष्याचा पाठ तर १९६७ मध्ये पाटण्याहून निघाला. म्हणजे एक संस्कृत ग्रंथ चिनी-तिबेटीतून फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून हिंदीत, निजामशाहीच्या तटबंदीआड, परत येत होता.

या कोशाच्या अखेरच्या, पुद्गलवादाचे खंडन करणाऱ्या प्रकरणात वसुबंधूला प्रतिपक्षी विचारतो की, आत्मा नसेल तर आठवतो कोण? वसुबंधूचे उत्तर थोडक्यात असे : आठवणारा कोणी नाही; एक विशिष्ट चित्त उत्पन्न होते, तीच आठवण. ते उत्पन्न होण्यास पूर्वानुभवाच्या त्याच संततीत असावे लागते, विषयाकडे अवधान वळावे लागते, सदृश किंवा संबंधित संज्ञा असावी लागते. आणि शरीराचा विकार, शोक, विक्षेप अशा कारणांनी त्याचे सामर्थ्य मारले गेलेले नसावे. हे सगळे असेल तर आठवण. एक जरी नसेल तर नाही. वसुबंधू येथे स्वप्नाविषयी बोलत नाही. पण स्वप्न विसरणाऱ्या माणसाला ही यादी लावून पाहिली तर ती जशीच्या तशी बसते, आणि आधुनिक प्रयोगशाळांतील निष्कर्ष तिच्याच कलमांखाली मांडता येतात.

अवधानाचे कलम घ्या. 'आम्हाला स्वप्ने पडतच नाहीत' असे म्हणणाऱ्यांना प्रयोगशाळेत जलद नेत्रचलनाच्या झोपेतून जागे केले असता तेही स्वप्ने सांगतात, असे १९५९ पासूनच्या प्रयोगांत दिसून आले. मात्र वारंवार आठवणाऱ्यांपेक्षा कमी वेळा. फ्रान्समधील लियाँ येथे पेरीन रुबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दोन गटांची तुलना केली. ज्यांना स्वप्ने रोज आठवतात ते रात्रीतून एकूण सुमारे अर्धा तास जागे असतात, ज्यांना क्वचित आठवतात ते त्याच्या जवळपास निम्मा वेळ. झोपेत स्वतःचे नाव कानावर पडले असता पहिल्या गटाच्या मेंदूचा प्रतिसादही अधिक मोठा होता. झोपेत अनुभव साठविण्याची मेंदूची शक्ती क्षीण असते. जागेपणाचा छोटा तुकडा मध्ये आला तरच अनुभव आठवणीच्या कोठारात जातो. म्हणून गाढ आणि अखंड झोपणारा माणूस बहुधा स्वप्ने विसरतो. यात ना त्याची श्रद्धा उणी, ना तो अर्हत्. पॅरिसमधील २०१५ च्या एका अभ्यासात तर असे रुग्ण आढळले की ते झोपेत हातवारे करीत, भांडत, बोलत, आणि तरीही आपल्याला आयुष्यात स्वप्न पडलेले नाही असे प्रामाणिकपणे सांगत. स्वप्न शरीराने उघडपणे वठवलेले, आणि आठवण शून्य! 'न पडणे' व 'न आठवणे' यांतील भेदाला याहून स्वच्छ पुरावा मागता येणार नाही.

शरीरविकाराचे कलम : मेंदूच्या पार्श्वखंडाजवळच्या काही भागांना इजा झाल्यावर स्वप्ने सांगणे पूर्णपणे थांबल्याची उदाहरणे मार्क सोल्म्स यांनी १९९७ मध्ये संकलित केली. अशा वेळी मात्र स्वप्नच थांबले की आठवण, हे सांगणे कठीण असते.

विक्षेपाचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९७३ मधील एका अमेरिकन प्रयोगात काही जणांना उठल्याबरोबर दूरध्वनी करून हवामानाचा अंदाज ऐकून टिपण्याचे किरकोळ काम दिले, इतरांना स्वस्थ पडून राहू दिले. पहिल्यांना स्वप्ने स्पष्टपणे कमी आठवली. एवढ्या क्षुल्लक कामाने जर आठवण पुसली जाते, तर पाथर्डी-शेवगावकडून साखर कारखान्यांच्या हंगामावर गेलेल्या ऊसतोड कामगार बाईचे काय? तिचा दिवस कोपीतल्या अंधारात, मुलाला पाजून, चूल पेटवून सुरू होतो. रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या पाळीत पिकाला पाणी देणाऱ्याचे काय? झोपेचा शेवटचा तृतीयांश हा जलद नेत्रचलनाच्या झोपेचा सर्वांत समृद्ध भाग आहे. आपण त्यालाच साखरझोप म्हणतो. 'पहाटेचे स्वप्न खरे होते' या समजुतीचे शारीरिक मूळ एवढेच की पहाटेचे स्वप्न लांब असते आणि त्यातून माणूस थेट जागा होतो, म्हणून ते आठवते. ज्यांना साखरझोप परवडते त्यांना स्वप्नेही अधिक आठवतात. पहाटे तीनला उठविल्या जाणाऱ्यांची ती झोपच कापली जाते, आणि जे उरते ते कामाच्या घाईत पुसले जाते. ज्यांच्या स्वप्नांची नोंद इतिहासात नाही त्यांना स्वप्ने नव्हती, असे अनुमान काढणाऱ्याने वसुबंधूचे हे एक कलम तरी वाचावे.

ज्यांना आठवावेसे वाटते त्यांच्यासाठी उपायही जुनाच आहे. मिलिंदपञ्हात स्मृती उपजण्याच्या ज्या अनेक वाटा सांगितल्या आहेत त्यांत दुसऱ्याने आठवण करून देणे, सदृश निमित्त आणि पोथीत लिहून ठेवणे यांचा समावेश आहे. जागे झाल्यावर डोळे मिटून क्षणभर तसेच पडून राहावे, जे हाताशी लागेल ते लिहावे. काही दिवसांत आठवणी वाढतात, असा आजच्या अभ्यासकांचाही अनुभव आहे. स्वप्नांविषयी आस्था असणाऱ्यांना ती अधिक आठवतात, हेही अनेक पाहण्यांत दिसले आहे. ज्यांना आठवावेसे वाटत नाही त्यांनी खुशाल झोपावे. झोपण्यापूर्वी मैत्रीभावना करावी, एवढे मात्र भगवंतांनी दोघांनाही सांगितले आहे.

नरेंद्र देवांचा अनुवाद त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. १९ फेब्रुवारी १९५६ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेपूर्वी आठ महिने, त्यांचे निधन झाले. 'बौद्ध धर्म दर्शन' हा त्यांचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी निघाला आणि कोशाचा पहिला भाग १९५८ मध्ये अलाहाबादहून हिंदुस्तानी अकादमीने प्रसिद्ध केला.